दर्शनी बाजू

मी एक परवाना बोलतोय. बोलायचा अधिकार मला अजून उरला आहे की नाही, याची खात्री नाही. माझी मुदत संपून एकवीस दिवस झाले, आणि मुदत संपलेल्या परवान्याचं म्हणणं कुणी ग्राह्य धरत नाही. तरी बोलतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

चालायला त्रास होणाऱ्या माणसांसाठी रस्त्याच्या कडेला काही जागा राखून ठेवलेल्या असतात. तिथे गाडी उभी करण्याची मुभा देणारा तळहाताएवढा, जाड, गुळगुळीत कागद म्हणजे मी. मला दोन बाजू आहेत. एका बाजूला चाकांच्या खुर्चीचं चित्र, माझा क्रमांक आणि मुदतीची तारीख. दुसऱ्या बाजूला माझ्या मालकिणीचा फोटो, नाव आणि सही. पुढचं सगळं या दोन बाजूंवरूनच घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, एका कुरकुरणाऱ्या छपाई यंत्रात झाला. बाहेर पडलो तेव्हा अंग गरम होतं. एका कारकुनानं मला फुंकर मारली, पाकिटात घातलं आणि सोबतीला एक पत्रक दिलं. त्यावर एकच वाक्य ठळक होतं: ‘परवाना दर्शनी बाजू वर करून काचेमागे ठेवावा.’ पाकिटाच्या अंधारात मी ते वाक्य पुष्कळदा वाचलं. माझी दर्शनी बाजू कोणती, हे मात्र त्यात लिहिलं नव्हतं. मला वाटलं, माणसांना ठाऊक असेल.

पाकीट उघडलं ते बाईंनी. टपालखात्यात एकतीस वर्षं पत्रं वेगळी करण्यात गेलेली ही बाई. तिथे सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा पाय ओढत चालायचा आणि उजवा हात त्याच्या मर्जीला येईल तेवढंच ऐकायचा. पण नजर तीच होती. पाकीट हातात आलं की आधी ते सुलटं करायचं, पत्ता वर, तिकीट उजव्या कोपऱ्यात, आणि मगच उघडायचं. मलाही त्यांनी तसंच दोन-तीनदा फिरवून पाहिलं.

“फोटो बरा आलाय हो,” त्या म्हणाल्या.

“तुझे फोटो नेहमीच बरे येतात. माझ्याकडे पाहून फोटोवाला दरवेळी मशीन तपासतो,” त्यांचे यजमान म्हणाले.

हे यजमान म्हणजे कोशकार. मोठ्या शब्दकोशाच्या कचेरीत त्यांनी हयात घालवलेली. अक्षरं वाटून दिली होती, त्यात ‘द’ यांच्या वाट्याला आला. दया, दंड, दोष, सगळे त्यांच्या हातून गेलेले. निवृत्त झाले तरी सवय गेली नव्हती; पाटी दिसली की वाचायची आणि वाचली की दुरुस्त करायची. माणूस पापभीरू. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारा.

गाडी ते चालवत. पण मला काचेमागे ठेवायचं काम बाईंचं. पहिल्याच दिवशी त्यांनी हात पुढे केला होता: “द्या इकडे. माझा परवाना मी ठेवणार.” स्वयंपाकाचं, विणकामाचं, सहीचं, एकेक काम त्या हातातून निसटत चाललं होतं. हे एवढं राहिलं होतं. गाडी थांबली की कोशकार मागच्या सीटवरून काठी काढायला जायचे, आणि तेवढ्यात बाई डाव्या हातानं मला कप्प्यातून काढून काचेमागे ठेवायच्या, बोटानं सरळ करायच्या. क्रमांक वर, चेहरा खाली. सात-आठ महिने एकदाही चूक झाली नाही.

मग तो मंगळवार आला. व्यायामाच्या दवाखान्यासमोरची राखीव जागा. बाई उतरून दाराला धरून उभ्या होत्या. मागच्या गाडीतला एक माणूस जागेवर डोळा ठेवून होता. त्यानं काच खाली केली.

“काय आजी, तुम्ही तर ठणठणीत दिसताय! परवाना कुणाचा, शेजाऱ्यांचा का?”

बाईंनी वाकून मला उचललं, उलटं केलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्यानं माझ्यावरच्या फोटोकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा फोटोकडे, अगदी सावकाश. रस्त्यावरची दोन माणसंही थांबून पाहू लागली. “असू दे, असू दे,” म्हणून तो निघून गेला. कोशकार काठी घेऊन आले तेव्हा बाईंनी मला जागेवर ठेवलं होतं. “काय झालं?” त्यांनी विचारलं. “काही नाही,” बाई म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी मला हातात घेऊन त्या थोडा वेळ थांबल्या. दोन्ही बाजू पाहिल्या. स्वतःशीच पुटपुटल्या, “ज्या बाजूला नाव, ती बाजू वर. हे काय मला शिकवायला हवं? चेहराही दिसेल. पुन्हा कुणाला दाखवत बसायला नको.” आणि मला ठेवलं. फोटो वर, क्रमांक खाली.

मी त्या क्षणाचा साक्षीदार आहे. एकटाच. त्या विसरल्या नव्हत्या. विचार करून ठेवलं त्यांनी मला.

दहा मिनिटांत तपासनीस आला. गाड्यांचे परवाने पाहत फिरणं हे त्याचं काम. त्यानं काचेवर हाताची सावली धरून आत पाहिलं. बाईंचा चेहरा त्याला स्पष्ट दिसत होता, पण त्याला चेहरा नको होता, क्रमांक हवा होता. मान तिरकी करून माझ्या खाली काही दिसतं का तेही त्यानं पाहिलं. मला अजून वाटतं, थोडा वारा असता, एक काच उघडी असती, मी जरा सरकलो असतो तर? पण मी सरकलो नाही. त्यानं कागद लिहिला आणि वायपरखाली अडकवला.

परत आल्यावर कोशकारांनी तो वाचला. “‘परवान्याची दर्शनी बाजू दिसत नव्हती.’ अगं, उलटा ठेवलास की काय? एवढंसं तर काम!”

बाईंचा चेहरा उतरला. हे ‘एवढंसं तर काम’ तोंडातून गेलं आणि कोशकारांनाही ते लागलं असावं, कारण लगेच त्यांचा सूर बदलला. “थांब. थांब हं. दर्शनी बाजू म्हणजे कोणती? दर्शन कशाचं? जी बाजू चेहरा दाखवते ती दर्शनी नाही, तर काय आकडे दाखवते ती? चूक तुझी नाहीच! चूक त्यांच्या वाक्याची आहे!”

“अहो, ऐका ना,” बाई म्हणाल्या, “मी तो मुद्दाम तसा ठेवला होता. मागच्या मंगळवारी एक माणूस...”

“एक मिनिट, एक मिनिट. एक वाक्य सुचलंय, डोक्यातून जाईल माझं.” आणि दंडाच्या कागदाच्या पाठीवरच ते लिहू लागले.

बाईंनी मिनिटभर वाट पाहिली. मग त्या समोर पाहू लागल्या. गाडी घरी पोचेपर्यंत कोशकार बोलत होते, आणि ते सगळं बाईंच्या बाजूनं होतं. हे मला आवर्जून सांगायला हवं. त्या माणसानं बायकोसाठीच लढाई मांडली होती.

अपिलासाठी पुरावा म्हणून मला त्यांच्या टेबलावर नेलं. तिथे मी तीन आठवडे होतो, कोशाच्या दोन खंडांच्या मधे. अपील पाच पानांचं झालं. नुसत्या पहिल्या परिच्छेदाला चार दिवस लागले. ‘दर्शनी’ची व्युत्पत्ती, जुन्या कागदांतले दाखले, दर्शनी दरवाजा, दर्शनी भिंत, सगळं आलं. रात्री लिहिलेलं सकाळी खोडायचे आणि सकाळी खोडलेलं दुपारी पुन्हा लिहायचे. “मी फारच तर लिहीत नाही ना?” असं मधूनच विचारायचे. खोलीत माझ्याशिवाय कुणी नसायचं.

मुलीचा फोन आला. “बाबा, भरून टाका आणि मोकळे व्हा ना.”

“प्रश्न पैशाचा नाही.”

“तुमचा प्रश्न कधीच पैशाचा नसतो. आईला विचारलंत का, तिला काय हवंय?”

“अगं, आईसाठीच तर चाललंय सगळं!”

“मी काय विचारलं, बाबा?”

“बरं, ठेवतो. चहा निवतोय.”

त्या पाच पानांत बाईंचा उल्लेख दोनदा होता, दोन्ही वेळा ‘परवानाधारक’ म्हणून. त्यांनी मला तसा का ठेवला, याबद्दल ओळ नव्हती. कशी असणार? विचारलंच नव्हतं.

नगरपालिकेचं उत्तर चार ओळींचं आलं. ‘परवाना दर्शनी बाजू वर करून ठेवलेला नव्हता, सबब अपील फेटाळण्यात येत आहे. सुनावणी हवी असल्यास कळवावे.’

“सबब!” कोशकार खोलीत येरझारा घालू लागले. “सबब म्हणजे कारण. आणि कारण तर दिलंच नाही! सुनावणी हवीच.”

“सोडा हो आता,” दारातून बाई म्हणाल्या.

“आता कसं सोडू? तू बरोबर होतीस हे सिद्ध झालं पाहिजे.”

बाई आत निघून गेल्या. पण सुनावणीच्या दिवशी त्यांनी चांगली साडी नेसली होती आणि केस नीट बांधले होते. मला वाटतं, त्यांना आशा होती. तिथे तरी कुणी त्यांना विचारेल.

सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, एक बंद पडलेला पंखा, फायलींनी वाकलेलं कपाट. अधिकारी मॅडमचा चष्मा दोरीनं गळ्यात लोंबत होता. त्यांनी मला पुढ्यात ठेवलं.

“काका, तुमची पाचही पानं मी वाचली बरं का. घरी नेऊन वाचली. आमच्याकडे इतकं छान कुणी लिहीत नाही.”

कोशकारांचे कान लाल झाले. “मग तुमचं मत काय पडलं?”

“माझं मत चालत नाही इथे. यादी चालते.” त्यांनी एक छापील कागद काढला. “अपील मान्य करायचं तर यातल्या एका कारणापुढे खूण हवी. ‘शब्दाचा अर्थ’ असं कारण यात नाही. आता सांगा, गाडी चोरीला गेली होती?”

“नाही.”

“विकली होती?”

“ती कोण विकत घेणार?”

“फलक झाडाआड होता?”

“तिथे झाडच नाही.”

“मग राहिलं शेवटचं. वैद्यकीय. मावशींना झटका येऊन गेलाय ना? त्यानंतर विस्मरण होतं पुष्कळांना. ‘धारकास विस्मरण’ इथे खूण करा, खाली दोघांच्या सह्या. आत्ताच्या आत्ता रद्द करते.”

“मी विसरले नव्हते,” बाई म्हणाल्या.

आवाज शांत होता. दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “मावशी, नुसती चौकट आहे हो. एक खूण.”

कोशकारांच्या हातात पेन होतं. ते थांबले, हे मी पाहिलं. एका अनुस्वारासाठी आठवडा घालवणारा माणूस. ‘विस्मरण’ या शब्दाचं वजन त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण तीन आठवडे रेटलेली गाडी दारात येऊन उभी होती, आणि बाहेर पुढचा अपीलवाला खोकत होता.

“अगं, कागदापुरतं असतं,” ते हलकेच म्हणाले.

“कागदापुरतं?”

“हं. तेवढ्यापुरतं.”

त्यांनी खूण केली. सही केली. आणि पेन बाईंपुढे धरलं. बाईंनी ते पेन किती वेळ घेतलं नाही, ते मी मोजलं नाही. मग घेतलं, आणि डाव्या हातानं वाकडी सही केली. माझ्या पाठीवरच्या सहीशी ती जुळत नव्हती. कुणी ताडून पाहिली नाही.

दंड रद्द झाला. जिन्यावरून उतरताना कोशकार बोलत होते, हसत होते, “जिंकलो की नाही?” म्हणत होते. गाडीत बसल्यावर त्यांनी मला बाईंपुढे धरलं. “वाटेत दवाखाना आहे. घे, ठेव कप्प्यात.”

“तुम्हीच ठेवा,” बाई म्हणाल्या. “मला विसरायला होतं.”

त्यानंतर बाईंनी मला हात लावला नाही.

सुरुवातीला ते टोमणे होते, हे मलाही कळत होतं. “गोळी घेतलीस का?” असं कोशकारांनी विचारलं की, “तुम्हाला माहीत. मी विसरते.” कोशकार कसनुसं हसायचे. पुढे ते गोळ्या स्वतःच मोजून देऊ लागले. दवाखान्यात बाईंच्या वतीनं तेच बोलू लागले; “रात्री झोप लागते का?” या प्रश्नाचंही उत्तर तेच द्यायचे. आणि टोमणा कधी सवय झाला, ते कुणालाच कळलं नाही. बाई एकदा गल्लीचं वळण चुकीचं सांगून गप्प झाल्या. खरंच चुकल्या, की सांगून काय उपयोग म्हणून चुकल्या? मी रोज त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो, तरी मला सांगता येणार नाही.

हळूहळू त्या गाडीतून उतरेनाशा झाल्या. “तुम्ही जाऊन या, मी बसते.” कोशकार मला अगदी काळजीपूर्वक ठेवायचे, क्रमांक वर, कोपरा सरळ, तीनदा तपासून. उन्हानं क्रमांक फिका पडत गेला. खालच्या बाजूचा चेहरा मात्र तसाच राहिला, पहिल्या दिवसासारखा.

माझी मुदत भरत आली तेव्हा नव्या परवान्याचा अर्ज टपालानं आला. दवाखान्यात जायला निघताना कोशकारांनी तो पेटीतून काढून बाईंच्या मांडीवर ठेवला. बाईंनी पाकीट सुलटं केलं आणि पत्ता वाचला. त्यावर कोशकारांचं नाव होतं, पुढे ‘काळजीवाहक’.

“हे माझं टपाल नाही,” त्यांनी पाकीट परत केलं. “आणि मला परवाना नको. मला कुठे जायचंय?”

कोशकारांनी ते उघडलं. अर्जात काही रकाने आधीच छापून आले होते. त्यातला एक: ‘विस्मरण: होय.’ कागदापुरती केलेली खूण कागदानं जपून ठेवली होती.

त्यांनी गाडी सुरू केली नाही. किल्ली हातात घेऊन पुष्कळ वेळ बसून राहिले. काही दिवस ते तसेच अस्वस्थ होते. अर्ज कप्प्यात माझ्या शेजारी पडून होता. ते तो काढायचे, वाचायचे, परत ठेवायचे. त्यात माझी मुदत संपून गेली. शेवटी एका सकाळी, बाईंना बरोबर घेऊन, ते नगरपालिकेत आले. बाई गाडीतच बसल्या. कोशकार मला आणि अर्जाला घेऊन वर न जाता तळमजल्यावरच्या खिडकीपाशी गेले. योगायोगानं तिथे त्याच मॅडम होत्या, बदलीवर.

“मला दंड भरायचा आहे,” कोशकार म्हणाले.

“कुठला, काका?”

“तुम्ही रद्द केलेला.”

मॅडमनी चष्मा लावला. “रद्द झालेला दंड भरून घेता येत नाही हो.”

“मग अपील मागे घेतो. माझ्या अपिलावर माझं अपील घ्या. काहीही घ्या, पण ती नोंद काढा. ती विसरली नव्हती. मला तेव्हाही माहीत होतं.” त्यांनी अर्ज खिडकीतून आत सरकवला. “ती त्या दिवशी मला काहीतरी सांगत होती. मी ऐकलं नाही. मला एक वाक्य लिहायचं होतं.”

“काय सांगत होत्या?”

“तेच तर मला माहीत नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. “मग इथे काय करताय, काका?” असं अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. “नोंदीचं मी बघते, होईल की नाही सांगता येत नाही. धारकाला स्वतः येऊन बोलावं लागेल. आणि हा जुना परवाना इथे जमा करा, मुदत संपलीय.”

कोशकारांनी मला काउंटरवर ठेवलं. चेहरा वर होता. बहुतेक त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल.

काचेच्या दारातून मला गाडी दिसत होती. समोरच्या राखीव जागेत, माझ्याशिवाय उभी. कोशकार बाईंच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि वाकले. काहीतरी बोलले, अगदी थोडं. मग कान पुढे करून तसेच वाकून राहिले. बाई समोर पाहत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांचे ओठ हलले.

तेवढ्यात तपासनीस आला. काचेमागे पाहिलं, परवाना नाही. वही काढली. तो कोशकारांच्या पाठीमागे उभा राहून काही विचारतही होता. कोशकारांनी मागे न पाहता एक हात वर केला, थांब म्हणून, आणि वाकूनच राहिले. तपासनीसानं खांदे उडवले, कागद लिहिला, वायपरखाली सरकवला आणि पुढच्या गाडीकडे गेला. बाई बोलत होत्या. मला ऐकू येत नव्हतं.

त्या खाली उतरल्या का, आत आल्या का, हे मला माहीत नाही. मॅडमनी मला उचलून खालच्या खणात टाकलं.

आता इथे आम्ही बरेच जण आहोत, मुदत संपलेले. कुणी क्रमांक वर, कुणी चेहरा वर. आठवड्याच्या शेवटी कात्री येते, असं म्हणतात. तिची मला फारशी भीती नाही. एक रुखरुख मात्र आहे. सगळ्यांत आधी मला कळलं होतं आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे, कानही आहेत. घरातलं माणूस ‘ऐका ना’ म्हणालं, तर हातातलं वाक्य अर्धं राहू द्या. अर्धं वाक्य उद्याही पुरं करता येतं.

खण कुणीतरी उघडतंय. थांबतो.